चार बांध आणि एक कर्ण

शेताचे चारही बांध मोजले की शेत मोजून झालं, अशी आमच्या भागात पक्की समजूत आहे. भूम-वाशीकडच्या बालाघाटाच्या उतारावर विचारा नाहीतर उमरग्याच्या काळ्या सपाट रानात विचारा, उत्तर एकच. दोरी धरून चौफेर फिरायचं, आकडे लिहून घ्यायचे, झालं. आता एक शेत घेऊ. त्याचे चारही बांध 25 साखळ्यांचे. मोजणीची जुनी साखळी 33 फुटांची, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद एवढा तुकडा म्हणजे एक गुंठा. त्यामुळे हिशेब तोंडी होतो. शेताचे कोपरे काटकोनात असतील तर ते 625 गुंठ्यांचं, म्हणजे 15 एकर 25 गुंठे. तेच शेत जरा एका अंगाला कललेलं असेल, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधलं आखूड अंतर 30 साखळ्या भरत असेल, तर ते 15 एकरांचं. आणखी कललं आणि ते अंतर 14 साखळ्यांवर आलं, तर 8 एकर 16 गुंठे. बांध तेच, त्यांची लांबी तीच. जमीन मात्र सात एकरांहून जास्त कमी.

यातले 25, 30 आणि 14 हे आकडे माझ्या पदरचे नाहीत. ते ‘लीलावती’तले आहेत. साखळ्या, एकर आणि गुंठे तेवढे मी घातले. भास्कराचार्यांचा जन्म शके 1036चा, म्हणजे इसवी सन 1114चा. ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 साली पुरा केला आणि ‘लीलावती’ हा त्याचा पहिला भाग. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्यापन चालावं म्हणून मठ काढला, तसा शिलालेख तिथे आहे. ज्या यादवांच्या राज्यात तो मठ होता, त्याच राज्यात आमचा मुलूखही होता. म्हणून ‘लीलावती’ मला कधी परक्या प्रांतातलं पुस्तक वाटलं नाही.

भास्कराचार्य एरवी मोठ्या प्रसन्न मनाने लिहितात. वाऱ्याने मोडलेला वेळू, खांबावरचा मोर आणि बिळाकडे धावणारा साप, तळ्यात वाऱ्याने कलून बुडालेलं कमळ. गणित सांगतानाही त्यांची नजर रानावरून फिरत असते. पण चौकोनापाशी आले की त्यांचा सूर एकदम बदलतो. चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचा एक सूत्रबद्ध मार्ग त्यांच्या आधीपासून चालत आलेला होता. बाजूंच्या बेरजेचं अर्ध करायचं, त्यातून एकेक बाजू वजा करायची, चारही उरलेल्या संख्यांचा गुणाकार करून त्याचं मूळ घ्यायचं. भास्कराचार्य म्हणतात, हा मार्ग त्रिकोणात स्पष्ट आहे, चौकोनात अस्पष्ट आहे. आमच्या 25 साखळ्यांच्या शेताला तो लावून पाहा. शेत सरळ असो की कललेलं, तो दरवेळी 625च सांगेल. ज्या चौकोनाचा एकही कर्ण किंवा लंब सांगितलेला नाही त्याचं नेमकं क्षेत्रफळ विचारणारा माणूस पिशाच समजावा, आणि ते सांगून मोकळा होणारा त्याच्याहूनही वरचढ, अशा आशयाचं त्यांनी तिथे लिहिलं आहे. विचारणाऱ्यापेक्षा उत्तर देणाऱ्यावर त्यांचा राग जास्त आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विचारणारा अजाण असू शकतो. पुरेशी माहिती हातात नसताना आकडा सांगणारा मात्र कुणाच्या तरी जमिनीचं नुकसान करतो.

मी जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमधून गणित शिकवलं. त्रिकोण शिकवताना माझ्या मनात सतत एकच प्रश्न असायचा: पुरेसं म्हणजे किती? पुस्तक हा प्रश्न असा विचारत नाही. पुस्तक म्हणतं, दोन बाजू दिल्या आहेत, तिसरी काढा. एक कोन दिला आहे, उंची काढा. जे दिलंय ते पुरतं, असं आधीच धरलेलं असतं. रानात तसं कुणी धरून दिलेलं नसतं. तिथे आपणच ठरवायचं की एवढ्यावर उत्तर निघेल, की अजून एक माप घ्यायला परत जायचं.

तीन काठ्या टोकाला टोक बांधून पाहा. त्या हलत नाहीत. तीन बाजू ठरल्या की तिन्ही कोन ठरले, लंब ठरले, क्षेत्रफळ ठरलं. दुसऱ्या कशालाही तिथे जागा उरत नाही. चार काठ्या बांधा, चौकट लगेच एका अंगाला झुकते. तिला ताठ उभं करायला एक तिरकी काठी लागते. ती तिरकी काठी म्हणजे कर्ण, आणि तो पडला की चौकोन राहत नाही, दोन त्रिकोण होतात. त्यापुढचं काम बीजगणिताचं.

ते काम कसं चालतं ते एकदा सावकाश पाहायला हवं, कारण शाळेत ते फार घाईत होतं. उदाहरण पुन्हा ‘लीलावती’तलंच: तीन बाजू 13, 14 आणि 15. साखळ्याच धरू. 14चा बांध पाया. समोरच्या कोपऱ्यातून त्यावर लंब टाकायचा आहे. तो पायावर नेमका कुठे पडेल ते ठाऊक नाही, केवढा असेल तेही ठाऊक नाही. म्हणजे अज्ञातं दोन. लंबाच्या पायथ्यापासून 13च्या बाजूकडचं अंतर क्ष म्हणू. मग 15च्या बाजूकडचं अंतर आपोआप 14 वजा क्ष. आता एकाच्या जागी दोन काटकोन त्रिकोण झाले, आणि दोघांचा लंब सामाईक. पहिल्यात क्षचा वर्ग अधिक लंबाचा वर्ग बरोबर 169. दुसऱ्यात 14 वजा क्ष याचा वर्ग अधिक तोच लंबाचा वर्ग बरोबर 225. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की लंब दोन्हीकडून निघून जातो, क्षचा वर्गही निघून जातो आणि मागे राहतं 196 वजा 28 क्ष बरोबर 56. क्ष 5 आला. मग लंब 12. क्षेत्रफळ 84 गुंठे, 2 एकर 4 गुंठे.

मला यात आजही नवल वाटतं ते लंबाच्या निघून जाण्याचं. ज्याला शोधायला निघालो तोच मध्येच बाजूला होतो, आधी क्षला वाट देतो, आणि क्ष सापडला की पुन्हा पुढे येतो. शिवाय तो लंब जमिनीवर कुठेही आखलेला नाही. तिथे बांध नाही, पायवाट नाही, बहुधा तूर उभी आहे. त्या रेषेवरून कुणी चाललेलं नाही, तरी तिची लांबी फुटाफुटाने सांगता येते. अज्ञाताला आधी नाव द्यायचं, ते ठाऊक असल्यासारखं ज्ञातांच्या पंक्तीला बसवायचं, आणि बाकीच्यांशी त्याचं नातं लिहून काढायचं. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणतात, त्यापुढच्यांना रंगांची नावं देतात: कालक, नीलक, पीतक, लोहितक. अजून हाती न लागलेल्या गोष्टींना रंग देणारं गणित किती निर्भय मनाने केलेलं असेल!

हे सारं मला पाठ होतं, पण त्याचं वजन कळलं ते दोन भावांच्या वाटणीत. गाव सांगत नाही, कारण माणसं हयात आहेत. वडील गेल्यावर दोघांनी रान वाटून घेतलं होतं. गावातल्या जाणत्यांनी दोरी धरून दोन तुकडे पाडले, दोन्ही तुकड्यांचे चारही बांध 10-10 साखळ्यांचे. थोरल्याचा तुकडा जवळजवळ चौरस. धाकट्याचा ओढ्याच्या कडेने गेल्यामुळे तिरका. पुढे वर्षानुवर्षं धाकट्याकडे सोयाबीनच्या गोण्या कमी भरायच्या. बी तेच, खत तेच, पाऊसही तोच. लोक आधी त्याच्या जमिनीला नावं ठेवायचे, मग त्यालाच ठेवू लागले. घरातलं बोलणंही हळूहळू बिघडलं. धाकट्याला वाटायचं थोरल्याने बांध कोरलाय, थोरल्याला वाटायचं याला कष्ट नकोत.

एका उन्हाळ्यात रान मोकळं असताना थोरल्याचा मुलगा मला घेऊन गेला. तो माझा विद्यार्थी. बांध आम्ही पुन्हा मोजले, ते खरोखर सारखे निघाले. मग धाकट्याच्या तुकड्यात समोरासमोरच्या जवळच्या कोपऱ्यांमधून टेप धरला. कर्ण बांधाएवढाच भरला, 10 साखळ्या. म्हणजे तो तुकडा दोन समभुज त्रिकोणांचा होता. समभुज त्रिकोणात लंब पायाच्या बरोबर मध्यावर पडतो. 5चा वर्ग 100मधून वजा केला की 75 राहतात, त्याचं मूळ साधारण 8.66. दोन्ही त्रिकोण मिळून 86.6 गुंठे. थोरल्याचे 100. मुलगा वहीत आकडे मांडत होता, दोघे भाऊ उभे राहून बघत होते.

“मग ही तेरा-साडेतेरा गुंठं गेली कुठं, गुरुजी?” धाकट्याने विचारलं.

ती कुठे गेली नव्हती. ती तिथे कधी नव्हतीच. कुणी बांध कोरला नव्हता, कुणी फसवलं नव्हतं, जाणत्यांनी दोरी चुकीची धरली नव्हती. त्यांनी फक्त चार मापं घेतली होती, आणि लागत होती पाच. पुढे त्यांनी रीतसर मोजणी मागवली आणि आपसांत काय ठरवायचं ते ठरवलं. तो त्यांच्या घरचा मामला. पण त्या दिवशी बांधावर थोरला भाऊ बराच वेळ नुसता त्या टेपकडे बघत होता, ते मी विसरलेलो नाही.

मोजणी खात्याला हे दुखणं जुनं ठाऊक आहे. शंकू-साखळीच्या जुन्या पद्धतीत नुसत्या बांधांवर कुणी भरवसा ठेवत नसे. रानातून एक लांब सरळ रेषा धरायची, शंकूने काटकोन साधायचा, आणि त्या रेषेपासून दोन्ही अंगांच्या खुणांपर्यंतची लंबांतरं घेत जायचं. टिपणात ती सगळी उतरत आणि शेत काटकोन त्रिकोणांत अन् पट्ट्यांत विभागलं जाई. मग गुणाकार. भूमी अभिलेखच्या दप्तरात ‘गुणाकार बुक’ नावाचं जे काही असतं ते यासाठीच. सातबाऱ्यावर एक आकडा दिसतो, त्याच्यामागे असे कितीतरी त्रिकोण असतात. सातबारा सगळ्यांनी पाहिलेला असतो. टिपण मागून पाहणारे फार थोडे. माझं म्हणणं आहे की गावच्या शाळेत दहावीच्या पोरांना आपल्या गावातलं एक टिपण तरी दाखवावं.

कारण आमच्या पोरांना हे दोन विषय वाटतात. दहावीला गणित भाग 1 आणि भाग 2, 40-40 गुणांचे दोन पेपर, दोन वेगळ्या दिवशी. पोरं एकाला बीजगणित म्हणतात, दुसऱ्याला भूमिती. रेषीय समीकरणं आणि वर्गसमीकरणं पहिल्या पुस्तकात, समरूपता, पायथागोरस आणि त्रिकोणमिती दुसऱ्यात. शिकवायच्या सोयीने ती वाटणी ठीक आहे, पण मुलांच्या मनात मध्ये एक भिंत उभी राहते. भूमितीच्या तासाला क्ष मांडा म्हटलं की वर्गात चलबिचल व्हायची, “सर, हे तर बीजगणितातलं.” आणि समीकरणाच्या तासाला आकृती काढा म्हटलं की हात थांबायचे.

ती भिंत पाडायला मला पवनचक्क्यांचा फार उपयोग झाला. आमच्याकडे डोंगरकडेच्या पठारावर त्या रांगेने उभ्या आहेत. कोनमापकाला मध्यावर दोरा, दोऱ्याला खडा, आणि पायाशी चिकटवलेली नळी. एवढं यंत्र पुरतं. वर्ग घेऊन पांदणीने जायचं. पवनचक्कीच्या बुडाशी जाता येत नाही, मध्ये कुणाचं तरी उभं पीक असतं, आणि उभ्या पिकातून तीस पोरं नेणं हे कुठल्याही गणितापायी करू नये. म्हणून पायथ्यापर्यंतचं अंतर अज्ञात. उंचीही अज्ञात. एका जागेवरून एकच उन्नत कोन घेतला तर काहीच हाती लागत नाही. दोन अज्ञातं आणि समीकरण एक. मुलांना हे आधी स्वतःच्या डोक्याने कळू द्यावं लागतं. कुणीतरी अंदाजे आकडा ओरडतो, कुणी म्हणतो जमणार नाही, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की मागे सरकून पुन्हा कोन घेतला तर दुसरं समीकरण मिळेल.

सोयीचे आकडे घेऊन सांगतो. पहिल्या जागी कोन 45 अंशांचा, म्हणजे उंची आणि पायथ्यापर्यंतचं अंतर सारखंच. पांदणीने सरळ 60 मीटर मागे आलो, कोन 30 अंशांचा झाला. आता पायथ्यापर्यंतचं अंतर उंचीच्या 1.732 पट, आणि तेच अंतर उंची अधिक 60. उंचीची 0.732 पट म्हणजे 60. उंची साधारण 82 मीटर, त्यात डोळ्याची उंची मिळवायची. आणि त्या उभ्या पिकाच्या पलीकडे पवनचक्कीचं बूड पहिल्या जागेपासून किती लांब आहे तेही कळलं, एक रोप न तुडवता. रानात कोन असे गोल मिळत नाहीत, 44 आणि 29च्या आसपास कुठेतरी येतात, मग तक्ते उघडावे लागतात, वाऱ्याने दोरा हलतो म्हणून तीनतीनदा वाचावं लागतं. त्याने काही बिघडत नाही. आपण जाऊ शकत नाही तिथलं माप आपल्याला सांगता येतं, हे पंधरा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर उमटताना पाहणं, याहून मोठं काही मला शिक्षकीत मिळालं नाही.

त्रिकोणाच्या ताठपणाची आठवण मात्र आमच्या जिल्ह्यात नुसती आनंदाची नाही. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीच्या भूकंपाने लातूर जिल्ह्याबरोबर आमच्या उमरगा-लोहाऱ्याच्या पट्ट्यातली सास्तूरसारखी गावं जमीनदोस्त केली. झोपेतली हजारो माणसं गेली. बहुतेकांचा जीव मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या मातीच्या ओझ्याने घेतला. माळवदाच्या घरात आतून लाकडी खांब आणि त्यांवर तुळया असतात. खांब, तुळई, खांब, जमीन. चार बाजूंची चौकट. सरळ खाली येणारं ओझं ती पिढ्यान्‌पिढ्या पेलते. आडवा हिसका बसला की तिच्या चारही बाजू जशाच्या तशा राहून कोन बदलतात, आणि ती झुकते. भूकंपानंतर जुनी माळवदं मजबूत करण्यासाठी जे उपाय सुचवले गेले, त्यांत छतावरच्या मातीचा थर उतरवण्याबरोबर खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरकी लाकडं बसवणं हाही एक होता. कोपऱ्यात एक तिरकं लाकूड, म्हणजे एक लहानसा त्रिकोण. चौकोनाची स्थिती अनियत असते, हे भास्कराचार्यांचं वाक्य मी त्यानंतर केवळ क्षेत्रफळाचं म्हणून वाचू शकलो नाही. वर्गात तो भाग आला की मी फळ्यावर आधी तुळई आणि खांब काढायचो. पुढे भूकंपानंतर जन्मलेली मुलं वर्गात येऊ लागली. त्यांना हे सांगणं तर अधिकच गरजेचं.

एवढ्याशा तिरक्या लाकडापासून ते अख्ख्या देशाच्या नकाशापर्यंत त्रिकोण तोच. देश मोजायला निघालेल्या विल्यम लॅम्ब्टनने 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ साडेसात मैलांच्या आसपासची एक पायारेषा साखळीने मोजायला घेतली. त्यानंतर जमिनीवर पुन्हा लांबी मोजायची गरज क्वचितच. एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन मिळाले की उरलेल्या दोन बाजू गणिताने येतात. त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत ही माळ उत्तरेकडे सरकत गेली. 1815 साली बिदरजवळ दामरगिद्द्याला ताळा पाहण्यासाठी नवी पायारेषा मोजली. लॅम्ब्टनच्या हयातीतच त्याचा सहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने तिथून पश्चिमेला, मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची दुसरी माळ सुरू केली. लॅम्ब्टन 1823च्या जानेवारीत आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. नकाशात बिदर आणि सोलापूर जोडून पाहा: उमरगा आणि नळदुर्ग जवळजवळ त्याच रेषेवर सापडतात.

या कामात ‘पुरेसं किती’ हा प्रश्न अगदी उघडा पडतो. समजा भारतातल्या सगळ्या त्रिकोणांचे सगळे कोन अचूक मोजले असते आणि पायारेषा मात्र एकही मोजली नसती, तर देशाचा आकार हुबेहूब मिळाला असता आणि तो केवढा हे कधीच कळलं नसतं. तीन कोनांतून समरूपता मिळते, लांबी मिळत नाही. कुठेतरी एकदा वाकून साखळी जमिनीला लावावीच लागते. आणि कोनांच्या बेरजेचंही पाहा. वर्गात आपण 180 अंश म्हणतो ते सपाट कागदावर. पृथ्वी गोल, म्हणून मोठ्या त्रिकोणात बेरीज थोडी वर जाते, सुमारे 196 चौरस किलोमीटरमागे एक सेकंद. आमच्या जिल्ह्याचं क्षेत्र साधारण साडेसात हजार चौरस किलोमीटर. जिल्ह्याएवढा एकच त्रिकोण आखला तर त्याचे तीन कोन 180 अंश आणि वर जवळजवळ 38 सेकंद भरतील. मोजणारे ही वाढ आधी हिशेबात धरत, मग मोजलेल्या बेरजेत राहिलेला फरक आपल्या मोजण्याचा समजून तिन्ही कोनांत वाटून देत.

आता गावात मोजणीला रोव्हर येतो. काठीवरचं ते यंत्र आकाशातल्या उपग्रहांपासूनची अंतरं घेतं आणि बांधावरची खूण काही क्षणांत सांगतं. लोकांना वाटतं गणित संपलं. आतमध्ये गणित तेच चाललेलं असतं. जागा ठरवायला तीन अज्ञातं, म्हणून तीन अंतरं पुरायला हवीत. पण अंतर काढायचं ते संदेश यायला लागलेल्या वेळेवरून, आणि यंत्रातलं घड्याळ उपग्रहातल्या घड्याळाइतकं अचूक नसतं. ती वेळेतली तफावत हे चौथं अज्ञात. म्हणून उपग्रह निदान चार. किती अज्ञातं आहेत हे प्रामाणिकपणे मोजलं की किती मापं लागतील ते आपोआप ठरतं.

माझ्या मनात एक मागणी फार दिवसांपासून आहे. प्रश्नपत्रिकेत एखादा तरी प्रश्न असा असावा की दिलेली माहिती पुरत नाही हेच त्याचं उत्तर असेल, आणि आणखी काय मोजावं लागेल ते मुलांनी लिहावं. चार बाजू देऊन क्षेत्रफळ विचारा. तीन कोन देऊन बाजू विचारा. गुण द्यायचे ते योग्य माप मागण्याला. वर्गात मी असे प्रश्न देत असे, आणि त्यांतला एक मुलांना विशेष आवडायचा.

त्रिकोणी रान आहे. एक बांध 15 साखळ्या, त्याच्या वरच्या टोकाला लागून दुसरा बांध 13 साखळ्या. खालच्या टोकाशी, 15चा बांध आणि न मोजलेला तिसरा बांध यांमधला कोन असा की वरच्या कोपऱ्यातून तिसऱ्या बांधाच्या रेषेवर टाकलेला लंब 12 साखळ्या येतो. तिसरा बांध क्ष. समीकरण मांडलं की क्षचा वर्ग वजा 18 क्ष अधिक 56 बरोबर शून्य. अवयव पाडले की क्ष 14, नाहीतर 4. पहिलं उत्तर ते आपलं ओळखीचं 84 गुंठ्यांचं रान. दुसरं 24 गुंठ्यांचं. मुलं आधी 4 खोडून टाकायची, कारण पुस्तकात एक उत्तर बहुधा ऋण येतं आणि ते सोडून द्यायचं असतं. इथे दोन्ही धन आहेत, दोन्ही खरी आहेत. दिलेल्या प्रत्येक मापाशी दोन्ही रानं तंतोतंत जुळतात.

“मग बरोबर कोणतं, सर?”

समीकरणात त्याचं उत्तर नाही. 13चा बांध तिसऱ्या बांधाला जिथे मिळतो, त्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं आणि तो काटकोनापेक्षा लहान आहे की मोठा एवढंच बघायचं. लहान असेल तर 2 एकर 4 गुंठे, मोठा असेल तर 24 गुंठे. त्यासाठी साखळी लागत नाही. तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.